नव्वद प्रूफ

छापखान्यात त्यांना तोंडावर सगळे ‘सर’ म्हणत आणि पाठीमागे ‘वेलांटी’. हे टोपणनाव त्यांच्या कानावर आले होते, आणि त्याबद्दल त्यांची तक्रार एवढीच होती, की ते लावणाऱ्यांपैकी निम्म्यांना ‘पहिली की दुसरी’ असे विचारले असते तर सांगता आले नसते.

भाषेची पदव्युत्तर पदवी पहिल्या वर्गात मिळवून, एखाद्या महाविद्यालयात जागा निघेपर्यंत चार महिने काढावेत म्हणून ते या छापखान्यात मुद्रितशोधकाच्या टेबलावर येऊन बसले होते. जागा निघाली नाही. एकदा निघाली, ती कोणाच्या तरी जावयासाठी निघाली. मग चार महिन्यांची तीस वर्षे झाली, डोळ्यांवरच्या काचा जाड झाल्या, आणि आयुष्यात मिळवलेल्या गोष्टींची मोजदाद करायला बसावे तर हाताला लागण्यासारखी एकच गोष्ट उरली: सही. या छापखान्यातला कोणताही कागद, मग तो पाठ्यपुस्तकाचा असो की खोकल्याच्या औषधाच्या वेष्टनाचा, कोपऱ्यात ‘छापण्यास हरकत नाही’ असे लिहून खाली सरांची सही झाल्याशिवाय मशीनवर चढत नसे. मालकाच्या वडिलांनी घालून दिलेला तो शिरस्ता होता. पगार वाढला नाही, खुर्ची बदलली नाही, पंखा अजूनही त्यांच्याकडे पाठ करूनच फिरत असे. पण मालकालासुद्धा त्या सहीसाठी टेबलापाशी उभे राहावे लागे, आणि सर मान वर न करता ‘ठेवा’ असे म्हणत. या ‘ठेवा’वर ते जगत होते, असे म्हटले तरी चालेल.

ती सही गेली एका शब्दापायी, आणि तो शब्द त्यांच्या स्वतःच्याच धंद्यातला होता.

छापखान्यात चाचणीसाठी काढलेल्या कागदाला प्रूफ म्हणतात. पहिले प्रूफ, दुसरे प्रूफ, असे त्या कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत टाकायची पद्धत आहे, आणि अंतिम छपाईपूर्वी ते काढून टाकायचे असते. सर नवे होते तेव्हा एका प्राचार्यांच्या काव्यसंग्रहाच्या मुखपृष्ठावर, कवीच्या नावाखालोखाल, ‘तिसरे प्रूफ’ असे छापून गेले होते. प्राचार्यांनी केलेला तमाशा सरांनी उभ्याने ऐकला. त्या दिवसापासून कोणताही कागद हातात आला की त्यांचे डोळे आधी ‘प्रूफ’ हा शब्द शोधत, आणि तो सापडला की मजकुराचे पहिले वाक्य वाचण्याआधीच लाल शाईची गाळण्याची खूण त्यावर बसलेली असे. त्यात विचार नव्हता. डोळ्यांसमोर डास आला की हात उठतो, तसे ते होते.

त्या वर्षी मालकाने दारूच्या बाटल्यांची लेबले छापायचे मोठे काम मिळवले. व्हिस्की बाटलीबंद करणारी एक कंपनी होती. लेबलाची रचना मालकाचा भाचा करत असे. हा भाचा तिशी ओलांडलेला, संगणकापुढे बसून चकचकीत चित्रे काढणारा आणि ‘ऱ्हस्वदीर्घ आता कोण बघतं’ असे सरांच्या देखत म्हणण्याइतका निर्मळ मनाचा गृहस्थ होता. त्याने केलेले पहिले लेबल टेबलावर आले. सोनेरी किनार, मधोमध एक हरीण, खाली कंपनीचे नाव, आणि अगदी खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत: ९० प्रूफ.

“नव्वद?” सर भाच्याकडे वळून म्हणाले. “एका चिटोऱ्याची नव्वद प्रूफं काढलीत? कागद काय आकाशातून पडतो?”

भाच्याच्या कानांत गाणे चालू होते. त्याने मान डोलावली. सरांनी लाल खूण केली, ‘छापण्यास हरकत नाही’ लिहिले आणि सही ठोकली.

लेबले छापली गेली, कापली गेली, पेट्यांत भरून पोचती झाली, आणि दुसऱ्या आठवड्यात त्याच पेट्या तशाच परत आल्या. त्यांच्यासोबत कंपनीचा मॅनेजर आला. दारूतला कडकपणा किती हे सांगणाऱ्या आकड्याला त्या व्यवसायात प्रूफ म्हणतात, नव्वद प्रूफ म्हणजे शंभरात पंचेचाळीस भाग मद्यार्क, आणि नेमका तोच आकडा लेबलावरून गायब आहे, असे त्याने मालकाला शांतपणे समजावून सांगितले. त्या शांतपणामुळे मालकाचा चेहरा अधिकच काळवंडला.

मॅनेजर गेल्यावर मालकाने सरांना वर आपल्या खोलीत बोलावले.

“सर, हा शब्द तुम्ही काढलात?”

“मी काढला. छापखान्यात प्रूफ या शब्दाचा अर्थ एकच आहे.”

“तुमच्या छापखान्यात. त्यांच्या बाटलीत दुसरा आहे.”

“बाटलीत काय आहे हे मुद्रितशोधकानं बघायचं?”

“जे छापतो ते कळायला नको का, सर? आतला माल काय हे माहीत नसेल तर वरचा शब्द बरोबर की चूक हे ठरवणार कसं?”

सरांना उत्तर सुचले, पण ते जिना उतरून टेबलापाशी आल्यावर. तोवर भाचा त्यांच्या टेबलापाशी बसून पाहत होता, खुर्ची किती वर-खाली होते ते. पुढच्या सोमवारपासून सह्या भाचा करणार होता. सरांना मागच्या खोलीत, कटिंग मशीनशेजारी, बिलबुकांचे क्रमांक तपासायचे काम मिळाले.

घरी त्यांनी हे सांगितले तेव्हा बायको भाजी निवडत होती. ती म्हणाली, “पगार तोच आहे ना?”

“पगाराचा प्रश्न नाही.”

“मग बसा की निवांत. डोळ्यांना आराम.”

सर गॅलरीत जाऊन उभे राहिले. त्यांना खरोखर जो सल होता तो हा, की मालकाचे म्हणणे चुकीचे नव्हते. शब्द न समजता गाळला होता. ज्या माणसाने आयुष्यभर ‘अर्थ कळल्याशिवाय शब्दाला हात लावू नये’ असे इतरांना सुनावले, त्याने स्वतः ते केले होते. तेव्हा हा विषय मुळापासून समजून घ्यायचा, मालकापुढे ते ज्ञान ठेवायचे आणि सही परत मिळवायची, असे त्यांनी ठरवले. व्हिस्कीचा एक थेंबही त्यांनी कधी घेतलेला नव्हता. तत्त्व वगैरे काही नाही, आम्लपित्त.

घरात या विषयातले अधिकारी एकच होते, ते म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. हा मेहुणा विमा विकत असे आणि रविवारी बहिणीकडे जेवायला येत असे.

“भावोजी, तुम्ही?” मेहुण्याने ताटावरून नजर उचलली. “ताई, ऐकलंस का? भावोजी लायनीवर आले.”

“मला प्यायची नाही, समजून घ्यायची आहे. सिंगल माल्ट म्हणजे काय?”

“सोपं आहे. सिंगल माल्ट म्हणजे एकट्यानं प्यायची. भारी असते, वाटून परवडत नाही. ब्लेंडेड म्हणजे चारचौघांत.”

“आणि बाटलीवर बारा लिहिलेलं असतं ते?”

“बारा पेग बसतात.”

“अरे, जेव मुकाट्यानं,” बहीण म्हणाली. “हे खरं समजतील.”

सर ते खरे समजले नाहीत, पण दुसरा कोणी खरे सांगणाराही भेटेना. मग संध्याकाळी कामावरून परतताना ते वाटेवरच्या दारूच्या दुकानात जाऊ लागले. ओळखीच्या कोणी पाहू नये म्हणून छत्री आडवी धरून ते आत शिरत आणि काचेच्या कपाटापुढे चष्मा कपाळावर चढवून बाटल्यांची लेबले वाचत. दुकानदाराने सुरुवातीला कौतुकाने पाहिले.

“बजेट सांगा साहेब, मी काढून देतो.”

“विकत घ्यायची नाही. वाचतोय.”

“वाचायला वाचनालय असतं.”

“तिथंही जातो,” सर म्हणाले. आणि ते खरेच होते. वाचनालयातून त्यांनी मद्यांवरचा एक जाडजूड ग्रंथ आणला होता. वर्तमानपत्राचे वेष्टन घालून ते तो मागच्या खोलीत बिलबुकांच्या आडोशाला वाचत.

जसजसे ते वाचत गेले तसतसा त्यांचा संताप वाढत गेला. आपण अज्ञानी होतो याची लाज त्यांना होती. पण हे ज्ञान असे असेल याची त्यांना कल्पना नव्हती. ‘सिंगल माल्ट’ यातला ‘सिंगल’ हा शब्द कशाला लागतो? माल्टला, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाला? नाही. बाटलीत असंख्य पिंपांतली दारू एकत्र ओतलेली असते, तरी ती ‘सिंगल’. कारण ती सगळी पिंपे एकाच भट्टीतली. म्हणजे विशेषण भट्टीचे आणि चिकटवले माल्टला. ‘सिंगल ग्रेन’ तर त्याहून वरताण. सरळ वाचणारा माणूस म्हणेल, एकच धान्य. छे. त्यात गहू असेल, मका असेल, सोबत थोडे जवही असतील. भट्टी एक असली की झाले. ‘ब्लेंडेड’ म्हणजे माल्ट आणि इतर धान्यांची दारू यांचे मिश्रण; पण ‘ब्लेंडेड माल्ट’ असे शेजारी शेजारी लिहिले, की त्यात इतर धान्य येता कामा नये, निरनिराळ्या भट्ट्यांचे निव्वळ माल्टच हवे. एक शब्द वाढला आणि अर्थ फिरला. व्याकरणाच्या कोणत्या नियमाने? नियम नाही. तसे ठरले आहे, बस्स.

शब्दाच्या वर्णलेखनाचेही तेच. एका देशातले लोक व्हिस्कीच्या इंग्रजी स्पेलिंगात शेवटच्या अक्षराआधी ‘ई’ घालतात, दुसऱ्या देशातले गाळतात, आणि दोघांचेही बरोबर. सरांनी तीस वर्षांत ‘दोन्ही बरोबर’ हे उत्तर कोणाला दिले नव्हते, आणि घेतलेही नव्हते.

मग ‘ओल्ड’, ‘रेअर’, ‘स्पेशल’, ‘रिझर्व्ह’. या शब्दांना बहुतेक ठिकाणी काहीही बंधन नाही असे ग्रंथात वाचल्यावर त्यांनी ते पान दोनदा वाचले. कालची दारूही ‘ओल्ड’ असू शकते. पिंपांचे डोंगर रचलेले असले तरी ‘रेअर’ म्हणायला हरकत नाही. आणि ज्या शब्दाने त्यांचा घात केला, तो ‘प्रूफ’ तरी एकनिष्ठ असावा? तोही नाही. एका देशात शंभर प्रूफ म्हणजे पन्नास टक्के आणि दुसऱ्या देशात, जुन्या हिशेबाने, सत्तावन्नच्या वर. पूर्वी म्हणे दारू बंदुकीच्या दारूवर ओतून पेटवून बघत. भडकली तर पुरावा मिळाला. ‘त्यापेक्षा ग्रंथकर्त्याला पेटवून पाहायला हवे होते,’ असे सरांनी समासात पेन्सिलीने लिहिले, आणि वाचनालयाचे पुस्तक आहे हे आठवून खोडले.

या सगळ्या रानात त्यांना एकच गोष्ट अशी सापडली, जिच्यावर माणसाने विश्वास ठेवावा: वय. लेबलावर वर्षांचा आकडा असेल, तर बाटलीत मिसळलेल्यांपैकी सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचे ते वय असले पाहिजे. पिंपातले वय, बाटलीत भरल्यावर वय वाढत नाही. नव्वद भाग वीस वर्षांची आणि दहा भाग पाच वर्षांची असेल, तर लिहायचे पाच. मोठेपणा मिरवायला येथे जागाच नाही. हा नियम वाचून सरांना इतके बरे वाटले, की त्यांनी तो बायकोला जेवताना सांगितला.

“म्हणजे आपल्या घरात सगळ्यांचं वय तुमच्या मेहुण्याचं धरायचं,” ती म्हणाली.

“वयाचं म्हणतेस की अकलेचं?”

“माझा भाऊ आहे तो,” ती म्हणाली, आणि भात वाढायचा थांबली.

कंपनीचे दुसरे लेबल आले तेव्हा सर भाच्याच्या मागून ते पाहायला गेले. जायचे कारण नव्हते, गेले. पुढच्या बाजूला, हरणाच्या पायाशी, सोनेरी आकड्यांत ‘१२ वर्षे’. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत कंपनीच्या परंपरेविषयी चार ओळी, आणि पाचवी: ‘ओकच्या पिंपांत आठ ते बारा वर्षे मुरवलेल्या निवडक व्हिस्कींचे मिश्रण.’

सरांनी तो कागद उचलला आणि थेट मालकाच्या खोलीत नेला. योगायोगाने कंपनीचा मॅनेजर तिथेच चहा पीत होता.

“हे चूक आहे,” सर म्हणाले. “पुढे आठ हवेत.”

मालकाने डोळे मिटले. “सर, पुन्हा?”

“तुम्हीच म्हणालात, आतला माल कळायला हवा. आता कळतो. मिश्रणात आठ वर्षांची व्हिस्की आहे, असं हेच मागे म्हणतात. मग पुढे बारा लिहिता येत नाहीत. सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचं वय लिहायचं असतं. विचारा यांना.”

मॅनेजरने कप खाली ठेवला, कागद हातात घेतला, पुढून वाचला, मागून वाचला. मग तो मनापासून हसला.

“बरोबर आहे सरांचं. मागचा मजकूर आमच्या कारखान्यातल्या लोकांनी लिहून दिला, पुढचा विक्री खात्यानं. दोघांनी एकमेकांचा वाचलाच नाही. फार मोठी भानगड झाली असती.” त्याने मालकाकडे पाहिले. “हा माणूस तुम्ही मागच्या खोलीत बसवलाय? मला माझ्या प्रत्येक लेबलावर यांची सही हवी.”

मालकाचे डोळे उघडले. सरांच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. कितीतरी दिवसांनी कोणीतरी त्यांचे वाक्य शेवटपर्यंत ऐकले होते.

“मग पुढे आठ करू?” मालकाने विचारले.

“नाही, नाही. आठला कोण विचारतो?” मॅनेजर म्हणाला. “मागची पाचवी ओळ काढून टाका.”

भाच्याने ओळ काढायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ सर त्याच खोलीत उभे होते. नवा कागद आला. मालकाने तो टेबलावर पसरला, स्वतःच्या खिशातले पेन काढून उघडून सरांपुढे धरले आणि आवाज खाली आणून म्हणाला, “करा. उद्यापासून तुमचं टेबल तुमचं.”

सरांनी वाचले. पुढची बाजू, मागची बाजू. परंपरेच्या चार ओळी, त्यांत दोन स्वल्पविराम, दोन्ही जागच्या जागी.

“आत तीच व्हिस्की आहे ना?” त्यांनी मॅनेजरला विचारले. “आठ वर्षांवाली?”

“सर, ते आमच्यावर सोडा.”

“मग पुढचा आकडा खोटा आहे.”

“कशावरून?” मॅनेजर अगदी सौजन्याने म्हणाला. “या कागदावर कुठे दिसतंय?”

“सर,” मालक मध्ये पडला, “तुमचं काम भाषेचं. कागदावर चूक आहे का? नाही. मग सही करा. आतल्या मालाशी तुम्हाला काय करायचंय?”

“नव्वद प्रूफ गेलं तेव्हा आतला माल माझ्या गळ्यात होता. आज तो तुमच्या सोयीनं उतरला?”

“फार ताणू नका.”

“मी ताणत नाही. मी विचारतोय. एकदा ठरवून सांगा, मला कळायला हवं की नको.”

मॅनेजर घड्याळाकडे पाहू लागला. मालकाचा हात पेन धरून तसाच पुढे होता. सरांना त्याचीही कीव आली, कारण काम मोठे होते आणि मशीनचे हप्ते चालू होते, हे त्यांनाही माहीत होते. त्यांनी पेन घेतले. कागदाच्या कोपऱ्यात त्यांनी लिहिले, ‘वाचले.’ त्याखाली काहीच लिहिले नाही. ‘हरकत नाही’ हे शब्द तीस वर्षांत त्यांनी इतक्या वेळा लिहिले होते, की हात आपण होऊन तिकडे निघाला होता. तो त्यांनी आवरला आणि पेनाला टोपण लावून परत दिले.

“याचा मी काय अर्थ घ्यायचा?” मालकाने विचारले.

“लिहिलंय तोच.”

मालकाने कागदाचा कोपरा फाडून टोपलीत टाकला आणि भाच्याला हाक मारली. भाच्याने उभ्या उभ्या सही केली. त्याच्या सहीत त्याचे स्वतःचे आडनाव चुकलेले होते, पण ते सांगायला सर तिथे थांबले नाहीत. मागच्या खोलीत बिलबुकांचा नवा गठ्ठा आला होता. क्रमांक एकापासून सुरू होत होते.

पुढच्या काही रविवारांनंतर मेहुणा जेवायला आला तो पिशवीतून एक बाटली घेऊन. ती त्याने खाली ठेवण्याआधी सरांपुढे नाचवली.

“ओळखा भावोजी. तुमच्याच छापखान्यातलं लेबल. आमच्या मोठ्या साहेबांना द्यायला घेतलीय. आणि आता मला कळतं बरं का, बारा म्हणजे पेग नव्हे. बारा वर्षांची आहे.”

“आठ वर्षांची आहे,” सर म्हणाले.

“कुठं लिहिलंय आठ?”

“मागे लिहिलं होतं.”

मेहुण्याने बाटली फिरवली, डोळ्यांजवळ नेली, उजेडात धरली. “इथं तर नाही.”

“काढलं.”

“कुणी?”

“मी चूक दाखवली, म्हणून काढलं.”

मेहुणा क्षणभर गोंधळला, मग त्याचा चेहरा उजळला. “म्हणजे हे तुम्ही तपासलेलं आहे. मग तर साहेबांना सांगतोच, आमच्या भावोजींनी बघून दिलेलं लेबल आहे, ते एक वेलांटी सोडत नाहीत.”

“त्यांना जेवू दे आधी,” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

सरांनी बाटली हातात घेतली. चष्मा कपाळावर चढवला आणि हरणापासून सुरुवात करून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत लेबल नीट वाचून काढले. एकही चूक नव्हती.